पलंगावरचा पाहुणा

मशीनवाली ताई सकाळीच आली, तेव्हा क्रेनवाला रात्रपाळी करून नुकता घरी पोचला होता. आंघोळ झाली होती, डोळे तांबारले होते, आणि हे प्रकरण एकदाचं उरकावं एवढंच त्याच्या मनात होतं. कंपनीच्या डॉक्टरांनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं, झोपेत तुमचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून तुम्हाला झोप अशी लागतच नाही, आणि मग वर केबिनमध्ये डुलक्या येतात. मशीन लावून झोपा, नाहीतर क्रेनवरून खाली उतरा. आता, अर्धं आयुष्य ज्याने बंदराच्या धक्क्यावरच्या सगळ्यांच्या डोक्यावर बसून काढलं, त्याला खाली उतरा म्हणणं म्हणजे जवळजवळ मरा म्हणण्यासारखंच. तो मुकाट्याने हो म्हणाला.

ताईचा हात मोठा हलका होता. तिने मशीन पलंगाशेजारच्या बुटक्या स्टुलावर ठेवलं, डबीत पाणी भरलं, नळी जोडली आणि मास्क त्याच्या नाकावर बसवला.

"पट्टे आवळू नका हं, दादा. हवा गळली की माणूस आवळतो, आणि आवळलं की ती जास्तच गळते. आडवं व्हायचं, मास्क जरासा पुढे ओढायचा आणि आपसूक बसू द्यायचा."

"आणि नळीत पाणी गुडगुडायला लागलं तर?" बायकोने विचारलं. अशा बाबतीत प्रश्न विचारायचं काम तिचंच.

"पाण्याची ऊब कमी करा, वहिनी. नळीवर जुना कपडा गुंडाळलात तरी चालेल. आणि वापर किती होतो ते मला तिकडे ऑफिसातल्या संगणकावर दिसतं, तसं मी डॉक्टरांना कळवते. तेव्हा शेंडी लावायचं काम नाही!"

सगळे हसले. क्रेनवालाही हसला, पण मास्कच्या आत ते कोणाला दिसलं नाही.

पहिले काही दिवस त्याच्या नाकी नऊ आले. हवेचा झोत डोळ्यात जाई, तोंड कोरडं पडे, कूस वळली की नळी गळ्यात येई. पण ताईने सांगितलं तसं करत गेला आणि हळूहळू जमू लागलं. दुपारची झोप झाल्यावर डोकं हलकं वाटायला लागलं. केबिनमध्ये गाणी गुणगुणायला लागला, म्हणजे बघा.

आणि मग ती दुपार आली. मुलगी शाळेतून जरा लवकर आली, बरोबर मैत्रीण होती. कपाटातली वहीबिही घ्यायला दोघी त्याच्या खोलीत शिरल्या आणि मैत्रीण किंचाळली. पडदे ओढलेले, अंधूक उजेड, आणि पलंगावर सोंड लावलेला, फुसफुसणारा धिप्पाड माणूस. तोवर त्याला जाग आली होती.

"हे कोण गं?"

मुलीने तिला दाराकडे ओढलं. मग हळूच म्हणाली, "कोणी नाही… पाहुणे आहेत. आजारी आहेत ते. चल."

त्याने डोळे उघडले नाहीत. धरणी दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं त्याला झालं. पोरीचा राग नाही आला. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच म्हटलं असतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी त्याने मास्क हातात घेतला पण तो चेहऱ्याकडे न्यायला त्याचा हातच वळेना. पलंगावर एक लांबलचक तक्क्या होता. त्याने मास्क त्या तक्क्यावर बसवला, पट्टे मागून करकचून बांधले, वर चादर ओढली. या मशीनची एक खोड होती. मास्क लावून श्वास घेतला की ते आपोआप सुरू होई. तक्क्या कुठला श्वास घ्यायला! तेव्हा त्याने बटण दाबून ते सुरू केलं आणि स्वतः मुलीच्या खोलीत, तिच्या आखूड पलंगावर पाय बाहेर काढून झोपला. बायको कामावर, मुलगी शाळेत. त्या दोघी यायच्या आत उठून सगळं जागच्या जागी लावलं की झालं. झोपा रे बाबा पाहुणे, तो तक्क्याला म्हणाला आणि स्वतःच हसला.

आता झोप पुन्हा पहिल्यासारखी तुकड्यातुकड्यांची झाली. पण वापराचे तास भरत होते, डॉक्टर खूश होते आणि घरात सोंड दिसत नव्हती. असं सुरळीत चाललेलं असताना एक दिवस त्याने तक्क्याला मास्क बांधला, बटणाकडे हात नेला, आणि बोट लागायच्या आत मशीन सुरू झालं.

धक्का लागला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पुढच्या दिवशीही तेच झालं. त्याच्या पुढच्या दिवशीही.

त्या आठवड्यात एका संध्याकाळी बायको भाजी चिरता चिरता आपल्याशीच हसली.

"काय गं?"

"काही नाही. आज मधल्या सुट्टीत औषध घ्यायला घरी आले होते. म्हटलं बघावं डोकावून. अहो, किती वर्षांनी तुम्हाला असं शांत झोपलेलं बघितलं. घोरणं नाही, दचकणं नाही. मी जरा टेकले पलंगावर, तर…"

"तर?"

"झोपेतच माझा हात धरलात. घट्ट. सोडेचनात. मला उशीर झाला ऑफिसला." ती नव्या नवरीसारखी लाजली. "असं कधी जागेपणी करता का?"

तेव्हा तो भिंतीपलीकडे, मुलीच्या पलंगावर होता. सांगायला त्याने तोंड उघडलंही. पण समोर तिचा उजळलेला चेहरा होता. तो हात माझा नव्हता, असं त्या चेहऱ्याला कसं सांगायचं? त्याची जीभ रेटली नाही. "हो का," एवढंच तो म्हणाला आणि तिच्या हाताकडे बघायचं त्याने टाळलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उठून खोलीच्या दाराशी आला. बाहेर रस्त्यावर रणरणतं ऊन होतं, कुणीतरी गाडी धूत होतं. आत पडद्यांमुळे मळकट उजेड पडला होता. डबीतल्या कोमट पाण्याचा वास येत होता, आणि त्यात झोपलेल्या माणसाच्या अंगाला येतो तसा एक आंबूस वास मिसळला होता. चादर वर जात होती… खाली येत होती. सावकाश. मध्ये कुठे खंड नव्हता. इतका सुरेख श्वास त्याने जन्मात कधी घेतला नव्हता.

आत जायचं आणि चादर ओढायची, एवढंच करायचं होतं. पण चादरीखाली काही निघालं तर ते सगळ्यांना सांगावं लागणार, आणि मग आपलं सोंगही सांगावं लागणार. खरी गोष्ट अशी की भीतीपेक्षा लाज मोठी निघाली. त्याने दार आवाज न करता लोटून घेतलं आणि परत जाऊन पडला.

त्याच रात्री कामावर, माल हवेत लटकत असताना, त्याचे डोळे मिटले. किती वेळ, देव जाणे. खालून इशारे देणारा जिवाच्या आकांताने शिट्टी फुंकत होता, तेव्हा त्याला जाग आली. मालाखाली उभा असलेला एक कामगार बाजूला उडी मारून वाचला होता.

"काय झालं भाऊ?" इशारेवाल्याने नंतर विचारलं.

"दोर अडकला," क्रेनवाल्याने थाप मारली.

"दोर अडकतोच कधीकधी," तो म्हणाला. त्याने विश्वास ठेवला, आणि क्रेनवाला मेल्याहून मेल्यासारखा झाला.

सकाळी घरी पोचतो न पोचतो तोच ताईचा फोन आला. "शाबास, दादा! मध्ये काही दिवस श्वासाची नोंदच येईना, मला वाटलं मशीन बिघडलं. पण आता इतका छान श्वास माझ्या कुठल्याच पेशंटचा नाही."

"ताई… मास्क नुसता उशीबिशीवर राहिला, तर असं दिसेल का?"

"उशी श्वास घेते होय, दादा?" ती खळखळून हसली.

त्या दिवशी बायकोला सुट्टी होती, पण ती बाजारातून येईपर्यंत त्याने सवयीने तक्क्याला मास्क बांधून चादर ओढली होती. त्याने तिला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं. मुलीचं बोलणं, तक्क्या, थाप, शिट्टी, सगळं. मान खाली घालून बोलत राहिला. ती रागावेल, रडेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त आपला उजवा हात डाव्या हाताने झाकून घेतला.

"मग माझा हात…"

त्याने खोलीच्या दाराकडे बघितलं.

दोघं खोलीत गेली. तिने पडदे सारले, लख्ख ऊन आत आलं. चादरीखाली तक्क्याच होता, दुसरं काही नाही. मास्क सोडवताना मात्र तिला थांबावं लागलं. मास्क आतून ओला होता, गरम होता.

"उद्या तुम्ही साहेबांना खरं काय ते सांगा," ती म्हणाली. "क्रेन गेली तर गेली. आणि हे आत्ता लावा. माझ्यासमोर. पोरीलाही मी दाखवणार आहे, हे आपले बाबा म्हणून."

त्याला रडू आलं. केवढं ओझं उतरलं! तो आडवा झाला. तिने मशीन बंद केलं, मास्क त्याच्या नाकावर ठेवला, जरासा पुढे ओढला, अलगद बसू दिला. पट्टे सैलच ठेवले. त्याने डोळे मिटून श्वास घेतला.

मशीन सुरू झालं नाही.

"जोरात घ्या."

त्याने छाती भरून घेतला. सोडला. पुन्हा घेतला. मशीन ढिम्म.

"नळी निघाली असेल," ती म्हणाली. नळी नीट होती. तिने मास्क काढून स्वतःच्या नाकाला लावला, आणि मशीन लगेच फुसफुसू लागलं. बटण दाबून तिने ते बंद केलं. पुन्हा त्याच्या नाकावर ठेवला… काही नाही.

तिने मास्क बाजूला सारला आणि आपला उघडा तळहात त्याच्या नाकाखाली धरला. बराच वेळ धरला. तिचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला.

"अहो," ती कुजबुजली, "असं नका ना करू… श्वास घ्या ना."

तो घेतच होता.