नेफ्यातले टाके

समितीचं पत्र रत्नप्रभाच्या नावाने आलं आणि धोंडिरामच्या पोटात जाळ पेटला. तीस वर्षं हवालदारकी केली त्याने, मुलुंडच्याच ठाण्यात. आणि सरकारला सापडली कोण, तर ही चष्मेवाली खासगी गुप्तहेर! आता निवृत्तीनंतर हिचा मदतनीस म्हणून मागे मागे फिरायचं.

साल होतं १९८६. कोठडीतल्या मारहाणीवर नजर ठेवायला सरकारने निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. फिटर अंबादास चोरीच्या संशयावरून ह्याच मुलुंड ठाण्यात गेला आणि दोन तासांत हात मोडून इस्पितळात पोचला. भीतीने तो तोंडच उघडत नव्हता, म्हणून समितीने तपास रत्नप्रभाकडे दिला.

"घसरून पडले असं ठरलं, तर उद्या ह्यांना परत त्याच ठाण्यात नेणार," त्याची बायको शकु म्हणाली. "मग हे जिवंत नाही यायचे, ताई."

इस्पितळाने मोहोर लावून दिलेलं अंबादासच्या कपड्यांचं गाठोडं रत्नप्रभाने फोडलं. लेंगा उलटा केला.

"नेफ्यावर हे टाके कसले?"

"माझेच. नाडी सारखी आत घुसायची, म्हणून मागच्या बाजूने शिवून टाकली. महिना झाला."

धोंडिरामने जांभई दिली. म्हणे गुप्तहेर! शिवणकाम बघत बसलीय.

फौजदार चंद्रप्रकाश म्हणाले, "मी सकाळपासून कोर्टात होतो. आरोपी लवूच्या ताब्यात." कोर्टानेही तेच सांगितलं.

ठाणे अंमलदार लवूने नोंदवही पुढे सरकवली. "नऊला कोठडीत, अकराला तिथल्या संडासात घसरला. आत घालण्याआधी नाडी मी स्वतः ओढून काढली. कोणी गळफास घेऊ नये म्हणून. इस्पितळात नेताना परत घातली. दादा, तुम्हीच शिकवलंय ना?"

"माझा चेला आहे, बाई," धोंडिराम फुगून म्हणाला. "नाडी काढल्याशिवाय कोणाला आत घालायचा नाही."

"नक्की?"

"शंभर टक्के!"

दुपारी ठाण्यातच न्यायाधीशांसमोर तिने लेंगा टेबलावर पसरला.

"नाडी ओढली असती तर हे टाके तुटले असते. ते जुनेच आहेत, मळलेले, अख्खे. म्हणजे नाडी निघालीच नाही. आणि धोंडिरामकाका म्हणतात, नाडी काढल्याशिवाय लवू कोणाला आत घालत नाही. मग कोठडीत न गेलेला माणूस कोठडीच्या संडासात घसरला कसा? नोंद खोटी आहे. लिहिणारा लवू आणि आरोपी होता त्याच्याच ताब्यात."

लवूने नोंदवही आपल्याकडे ओढून मिटली.

"मग दोन तास तो होता कुठे?" न्यायाधीशांनी विचारलं.

"ते मला नाही सापडलं, साहेब."

धोंडिरामला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हिला माहीत नाही! आपल्याला माहीत आहे! तो ताडकन उभा राहिला आणि त्याला शकु दिसली. ती त्याच्याकडेच बघत होती. त्याचा आनंद जागच्या जागी विरला.

"दादा, नको," लवू पुटपुटला.

"जिन्याखालच्या खोलीत," धोंडिराम म्हणाला. "बाहेरून कपाट वाटतं."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"लवूला ती मीच दाखवली, साहेब. माझ्या वेळी तिथे कोणाकोणाला नेलं, तेही सांगतो. लिहून घ्या."