पोटभर श्वास

"माझ्या बाबांना माझ्या सख्ख्या भावानं मारलं," धाकटी म्हणाली, आणि मग कुठे खुर्चीवर टेकली.

वहिनींनी चष्मा कपाळावर सरकवला. भावोजींचा चहाचा कप हातातल्या हातात राहिला.

वहिनी शरीरशास्त्र शिकवता शिकवता निवृत्त झाल्या आणि खासगी तपासाच्या कामात पडल्या. आता सारं गावच त्यांना वहिनी म्हणे. भावोजी मात्र त्यांचे खरेखुरे धाकटे दीर. गाडी चालवायला आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायला ते कायम सोबत असत.

"आधी पाणी प्या," वहिनी म्हणाल्या. "मग पहिल्यापासून सांगा."

बाबांची फुप्फुसं सिगारेटींनी आणि सूतगिरणीतल्या धुळीनं कधीच कामातून गेली होती. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन आणि नाकात नळी, रात्रंदिवस. सांभाळायला थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि दिवसापुरती एक मावशी. धाकटी परगावी. नोकरी आणि मुलं यांतून तिची फेरी कशीबशी व्हायची.

"मी आले तेव्हा ओठ निळे, बोटं गार. दादा म्हणतो, असेच असतात. हवासुद्धा मोजूनमापून द्यायचा हो त्यांना! एवढं मोठं मशीन, आणि हवेचा जोर दाखवणाऱ्या नळीतली ती गोळी आपली तळाशी, एकवर." धाकटीनं डोळे पुसले. "संध्याकाळी मावशी घरी गेल्या, दादा औषधं आणायला गेला. मी बाबांपाशी बसले. म्हटलं, आज तरी पोटभर श्वास घ्या. खरं सांगते, गालांवर लाली आली, हात गरम झाले. जेवता जेवताच पेंगायला लागले. डोकं जरा दुखतंय म्हणाले, पण झोपले अगदी शांत. दादा परतला तसं मी त्याला दारातूनच म्हटलं, आज तू झोप, मी जागते. पण प्रवासाचा शीण... माझा डोळा लागला."

"आणि सकाळी?"

"डोळे उघडले तर बाबा गेलेले. आणि दादा मशीनपाशी, हात बटणावर. रात्री त्यानं मशीन बंद केलं असणार आणि मी उठायच्या आत पुन्हा चालू करत होता. विचारलं तर तोंडातून एक अक्षर नाही. आदल्याच दिवशी म्हणाला होता, आता सुटले तर बरं."

ती तोंड धुवायला आत गेली तशी भावोजी कुजबुजले, "वहिनी, यात शोधायचं काय उरलं?"

"तेच बघायला जाऊ."

*

धाकटी घरात पाऊल टाकायला तयार नव्हती. ती खाली गाडीतच बसून राहिली. तिथूनच तिला परतीची बस गाठायची होती.

खोलीत पलंग होता आणि त्यावर उशांचा डोंगर. आडवं झालं की बाबांचा जीव घुसमटे, म्हणून ते टेकून बसूनच झोपत. वहिनींनी मशीनवरची चादर बाजूला केली आणि बटणावरून अंगठा फिरवला. अंगठा किंचित चिकटला.

"इथे काय लावलं होतं, मावशी?"

"पट्टी होती. दादांनीच लावलेली. पुसताना माझा हात लागून बटण फिरायला नको म्हणून. त्या संध्याकाळी बाटलीत पाणी भरलं तेव्हा जागेवर होती. दुसऱ्या दिवशी नव्हती."

"कसलं पाणी?"

"हवा पाण्यातनं बुडबुडत जाते ना, नाक कोरडं पडू नये म्हणून. रेघेपर्यंत भरलं की दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आरामात पुरतं. त्या सकाळी आले तर पार तळाला गेलेलं."

भावोजींनी लगेच वहिनींकडे अर्थपूर्ण पाहिलं. पाणी कुणी काढलं असेल, या विचारानं ते मावशींच्या हातांकडेच बघत राहिले.

"वीज गेली, मशीन थांबलं, की बाबा काय करायचे?" वहिनींनी विचारलं.

"घर डोक्यावर घ्यायचे! तडक उठून बसायचे, खांदे वरखाली व्हायचे, माझा दंड असा धरायचे की नखं रुतायची."

मशीन भाड्यानं देणाऱ्याचं दुकान कोपऱ्यावरच होतं. तो गिऱ्हाइकाची चाकाची खुर्ची जोडत होता. मशीनचं नाव काढताच त्यानं हात झटकले. "आमच्या मशीनमध्ये खोट नाही हां! नंतर तपासून पाहिलंय मी. आणि बंद केलं की अशी शिट्टी वाजते की शेजारपाजारचे उठून येतात."

"आणि बटण शेवटपर्यंत फिरवलं तर?"

"पाचपर्यंत जातं. मग पाणी नुसतं खदखदतं."

परतताना त्यांची चाल मंदावली होती. हे लक्षण भावोजींना ठाऊक होतं. वहिनींना उत्तर सापडलं होतं आणि ते आवडलं नव्हतं.

*

दादा उशांचे अभ्रे काढत होता. डोळे खोल गेलेले, दाढी वाढलेली. मावशी निघून गेल्या होत्या.

"तुम्ही मशीन बंद केलंत?" वहिनींनी सरळच विचारलं.

"तिला काय वाटतं?"

"बंद केलंत असं."

"मग तसंच धरा. केलं मी बंद."

भावोजी ताडकन उठले. "वहिनी, हा तर कबूलच झाला!"

"बसा, भावोजी. मशीन बंद झालं असतं तर शिट्टी वाजली असती. बाबांनी पलंग हलवून सोडला असता. पलंगाशेजारी बसलेली लेक जागी झाली नसती? ते तर गाढ झोपेत गेले. लाल गाल, गरम हात. हवा तोडलेल्या माणसाचे ओठ निळे पडतात. त्यांना हवा कमी पडली नाही. जास्त झाली."

"जास्त?" भावोजींना कळेना. "हवा जास्त होऊन कुणी मरतं का?"

वहिनी पलंगाच्या कडेवर बसल्या.

"फुप्फुसांत द्राक्षांच्या घडासारखे बारीक वायुकोश असतात. चांगली हवा तिथून रक्तात जाते, वापरलेली तिथून बाहेर पडते. ही वापरलेली हवा साठू लागली की मेंदू छातीला हुकूम सोडतो, श्वास घे. तुमचं-माझं असं चालतं. पण बाबांचे वायुकोश फाटून गेले होते. वापरलेली हवा वर्षानुवर्षं अंगात तुंबलेली. मेंदूला तिची सवय झाली, तो दखल घेईना. मग त्यांचा श्वास चालायचा तो बराचसा ऑक्सिजनच्या भुकेवर. ती भूक भागवली, की मेंदू निवांत. श्वास उथळ होतो, तुंबलेलं आणखी तुंबतं, डोकं दुखतं, गुंगी येते. बाकीही गुंता आहे, पण शेवट तोच. म्हणून डॉक्टरांनी एकवर ठेवायला सांगितलं होतं. बरोबर?"

दादानं मान डोलावली.

"पाणी एका रात्रीत संपलं, म्हणजे गोळी रात्रभर वर होती. पट्टी संध्याकाळपर्यंत होती, म्हणजे मावशींनी काढली नाही. तुम्ही ती स्वतः लावलेली, तुम्हाला धोका ठाऊक होता. धोका ठाऊक नसलेलं घरात एकच माणूस होतं. बाबांनी पोटभर श्वास घ्यावा असं वाटणारं. सकाळी तुम्ही आलात, बघितलंत, आणि ती उठायच्या आत बटण एकवर आणलंत."

"पाचवर होतं," दादा हळूच म्हणाला. "माझ्या खोलीचं दार लावलेलं होतं. नाहीतर ते खदखदणं मला ऐकू आलं असतं. औषधं आणायला जाताना तिला एक शब्द सांगितला असता..." त्यानं अभ्र्यात तोंड पुसलं. "सुटले तर बरं, असं म्हणालो होतो मी. तेही खरं आहे. पण असं नव्हतं हो म्हणायचं."

"तिला सांगायला हवं. माझ्याकडे आलेल्या माणसाला मी खोटं सांगत नाही."

"सांगून काय होणार? बाबा येणार आहेत?"

"ती तुमचं तोंड पाहणार नाही."

"माझंच पाहणार नाही ना. स्वतःचं तरी पाहील, आरशात."

भावोजींनी वहिनींकडे पाहिलं. त्या उशीवरची सुरकुती सारखी करत होत्या.

*

"काय म्हणाला?" धाकटीनं गाडीची काच खाली केली.

"मशीन बंद झालंच नव्हतं," वहिनी म्हणाल्या. "तुमच्या भावानं बाबांना मारलं नाही. एवढं मी छातीठोकपणे सांगते."

"मग त्याचा हात बटणावर का होता?"

वहिनींनी गाडीचं दार उघडलं. "रोजची सवय. आपोआप गेला असेल."

"तुम्हालाही गुंडाळलं त्यानं." धाकटीनं काच वर घेतली.

दादा जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता. तिनं मान फिरवली. गाडी वळेपर्यंत तो तिथेच होता, हात कुठे ठेवावे हे न कळल्यासारखा.

बसस्टँड जवळ आलं तशी ती मागच्या सीटवर रडू लागली. भावोजींनी गाडीचा वेग कमी केला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"एवढंच समाधान," ती हुंदके आवरत म्हणाली. "इतकी वर्षं मी काही केलं नाही त्यांच्यासाठी. पण त्या संध्याकाळी तरी उपयोगी पडले. पडले ना हो, वहिनी?"

वहिनी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "पडलात."