हाकेआधीची ओ

सत्यनारायणाच्या आरतीला पन्नास माणसं पन्नास सुरांत ओरडतात, तरी आरती ओळखू येतेच. मेंदूच्या लहरींचंही तसंच, असं वासुदेव प्रयोगशाळेतल्या नव्या मुलांना सांगत. एकच आवाज शंभरदा ऐकवायचा, दर वेळच्या लहरींची सरासरी काढायची. गोंगाट आपसांत विरून जातो, उरतं ते उत्तर. बंगळूरच्या त्या प्रयोगशाळेत संख्याशास्त्रज्ञ म्हणून त्यांची हयात गेली होती. आकड्यांवर त्यांचा देवापेक्षा जास्त विश्वास, आणि देवाने तेच नेमकं हेरलं.

शहाण्णव साली बसवनगुडीत त्यांच्या लेकीच्या, सुखदाच्या, स्कूटरला लॉरीने उडवलं. एकोणीस वर्षांची पोर डोळे मिटून पडली ती पडलीच. वासुदेवांनी स्वतःच्या आवाजात ‘सुखू’ अशी हाक टेपवर पुन्हापुन्हा भरली. हाकांमधलं अंतर मुद्दाम कमीजास्त ठेवलं, म्हणजे पुढची हाक कधी येईल याचा अंदाज कुणालाच येऊ नये. टेप तिला ऐकवून तिच्या लहरी नोंदल्या, सरासरी काढली. रेघ सपाट आली.

“अहो, ऐकते ती,” श्यामलाबाई म्हणाल्या. “मी बोलले की मला कळतं.”

“नाही ऐकत. उगाच घसा कोरडा करू नकोस.”

नवऱ्याचा शब्द त्यांनी मानला. महिन्याभरात सुखदा गेली, तोवर तिला कुणी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी वासुदेवांनी ती नोंद पुन्हा काढली. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. हाकेआधीचा क्षण कोरा धरायचा आणि वजा करून टाकायचा, ही या कामाची रीत. आज त्यांनी त्या टाकलेल्या तुकड्यांचीच सरासरी काढली.

पडद्यावर उंच, स्वच्छ लहर उभी राहिली. हाक यायच्या थोडी आधी.

पोर ओ देत होती. बापाने नेमकं तेवढंच फेकून दिलं होतं. वासुदेव टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडले.

“सर, स्वल्प इकडे येता?” शेजारच्या खोलीतून रंजिताने विचारलं. ही बेळगावकडची तंत्रज्ञ मुलगी लहरी नोंदायचं यंत्र तपासत होती. तपासताना तारा मिठाच्या पाण्याच्या वाडग्यात सोडतात. पाण्याला मेंदू नसतो, त्यामुळे कागदावर लेखण्या सरळ धावतात.

“हे बघा. पाण्यात कसं काय हो?”

कागदावर तीच लहर होती. सरासरीची गरजच नव्हती.

आता हाक यायची होती; ती अडवायला वासुदेवांनी ओठ घट्ट मिटून घेतले.

लेखण्या पुन्हा सरळ धावू लागल्या.

मग त्यांच्याच घशातून, त्यांना न विचारता, हाक बाहेर पडली.

“सुखू.”

रंजिता दोन पावलं मागे सरकली. लेखणी पुन्हा उसळली. मग पुन्हा.

वासुदेव वाडग्याशी खाली बसले आणि एकेका ‘ओ’ला एकेक हाक देत राहिले.