उशिरा जागा होणारा काटा

पिवळी रेघ शाबूत होती. सगळी पंचाईत तिथेच होती.

चौकशी अधिकारी ट्रकखाली उताणा पडून ती रेघ पाहत होता. टर्बोच्या झडपेची दांडी, दांडीवरचा नट, आणि दोन्हींवरून ओढलेला पिवळा रंग. नट केसभर फिरला असता, तरी रेघ तुटली असती.

"रेघ बाबांची आहे," ताई म्हणाली. गॅरेज आता ती चालवायची. तिचे वडील, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, सहा महिन्यांपूर्वी गेले होते. "नट आवळला की ते रेघ ओढायचे. नंतर कुणी हात लावला तर लगेच कळावं म्हणून."

"आणि कुणी लावलेला नाही."

"तेच तर म्हणतायत सगळे. म्हणजे चूक बाबांची."

अधिकाऱ्याला लोक मागे टाचणीसाहेब म्हणत, आणि त्याला ते ठाऊक होतं. त्याच्या वहीत पानाला दोनच रकाने असत. माणसं काय सांगतात, आणि वस्तू काय सांगतात. दोन्हींची बेरीज जुळली की तो वही मिटायचा. आज जुळत नव्हती.

घटना सरळ होती. जुना डिझेल ट्रक, मागे दगड भरलेला. चढ अर्धा झाला आणि इंजिन फुटलं. गाडी मागे घसरून कठड्यावर आदळली. चालक जागीच गेला. वेळ, चार वाजून दहा मिनिटं.

इंजिनचा पिस्टन मेणासारखा वितळला होता. टर्बो म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा. या इंजिनाला अठरा पौंड दाबापर्यंतच हवा सोसते. त्यापुढे झडप उघडून पंख्याला आवरते. न आवरली, तर हवा वाढते, हवेमागोमाग डिझेल वाढतं, आणि आत भट्टी पेटते. ती मर्यादा उस्तादांनीच त्या नटाने ठरवली होती. उद्याच्या अहवालात तेच लिहिलं गेलं, तर गॅरेजला टाळं लागणार होतं, आणि मेलेल्या माणसाच्या माथी खून.

"बाबा जिवंत असते तर निदान भांडले तरी असते," ताई म्हणाली.

केबिनमध्ये हवेचा दाब दाखवणारं मीटर होतं. काटा शून्यावर होता. अठरावर तांबडी खूण होती, तीही उस्तादांच्याच हातची.

"खुणेचं काय?"

"काटा तांबड्याला टेकला की पाय उचलायचा. गाडी कितीही मागे पडो. बाबांनी या चालकाकडून तशी शपथ घेतली होती. बाकीचे ड्रायव्हर हसायचे, हा शाळेतल्या पोरासारखा खूण पाहून चालवतो म्हणून."

"मग त्या दिवशी उचलला नाही?"



चालकाची बायको घराच्या मागच्या खोलीत बसली होती. खिडकीतून चढ दिसत होता. तिच्यासमोर कपडे घडी घालून ठेवले होते, पुरुषाचे, धुतलेले.

"वहिनी, गाडीत काही बिघाड आहे असं ते म्हणाले होते?"

"बिघाड नाही. म्हणाले, काटा उशिरा जागा होतो हल्ली. मी म्हटलं, तुमच्यासारखाच. हसले."

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले असतील. शिटी पण तेव्हाच बदलली ना."

"कसली शिटी?"

"टर्बोची. चढाला लागले की इथे ऐकू यायची. जाड, घोगरी. मी चहाचं आधण ठेवायची. मग ती बारीक झाली. लांबून कुणीतरी हाक मारावी तशी." तिने खिडकीकडे पाहिलं. "अजून येते, साहेब. चार वाजून गेले की. लोक म्हणतात, मनाचे खेळ आहेत तुझे."

ते कुठल्या रकान्यात लिहावं, हे टाचणीसाहेबांना ठरवता येईना. शेवटी दोन्हींच्या मध्ये लिहिलं.

"गाडी गॅरेजला शेवटची कधी गेली होती?"

"दोन महिन्यांपूर्वी. नंतर काकांच्याच अंगणात उभी असायची."

काका, म्हणजे ट्रकचे मालक. चालक त्यांचा पुतण्या; आईबाप गेल्यावर त्याला त्यांनीच वाढवलं होतं. त्यांचं ऑफिस अंगणाच्या टोकाला होतं. टेबल, दोन खुर्च्या, खिळ्याला लटकलेलं डोळ्याला लावायचं भिंग. भिंतीवर घड्याळ चालू होतं. टिकटिक स्पष्ट ऐकू येत होती. पण तबकडीवर काटे नव्हते.

"घड्याळ?"

"बिघडलंय."

"चालतंय की."

"चालू दे." काका चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती. "उस्ताद चांगला माणूस होता हो. पण म्हातारपणी हात चुकतो. मेलेल्याला काय बोलायचं!"

मेलेल्याला काय बोलायचं असं म्हणणारा माणूस बहुधा बोलून झालेला असतो. टाचणीसाहेबांनी मान हलवली.

"गाडी चढावर मागे पडायची म्हणे?"

"सगळ्यांत शेवटी यायची. खाणवाले म्हणायचे, तुमची म्हातारी बसवा घरी. त्याला म्हटलं, दाब जरा. तर तो तांबडी खूण दाखवायचा. मला! मी चालायला शिकवलं त्याला."

दुसऱ्या दिवशी चार वाजता टाचणीसाहेबांनी तिघांना काकांच्या ऑफिसात बोलावलं. टेबलावर हातपंप होता, साबणाच्या पाण्याची वाटी, ट्रकमधून काढलेली रबरी नळी आणि केबिनमधलं मीटर.

"झडपेची दांडी कुणी हलवलेली नाही," ते म्हणाले. "उस्तादांची रेघ खरं बोलते. पण झडपेला दाब किती आहे हे सांगते कोण? ही नळी."

त्यांनी नळीचं एक तोंड दाबून धरलं, ती पाण्यात बुडवली आणि पंप मारला. नळीच्या वाकातून बुडबुड्यांची माळ वर आली.

"टोचलेलं भोक. वरून ग्रीस फासलेलं. हवा वाटेतच गळायची. झडपेला वाटायचं, दाब अजून कमी आहे. ती उशिरा उघडायची. पंखा बेफाम फिरायचा, म्हणून शिटी बारीक झाली. तीन आठवड्यांपूर्वी. उस्ताद जाऊन तेव्हा पाच महिने उलटले होते, आणि गाडी दोन महिने गॅरेजला गेलीच नव्हती."

ताईने तोंडावर हात ठेवला.

"पण मग यांना मीटरवर दिसलं नसतं का?" वहिनी म्हणाली. "ते पाय उचलत होते. मला माहीत आहे."

"उचलत होते, वहिनी. आता हे बघा." त्यांनी केबिनमधलं मीटर आणि स्वतःचं मीटर एकाच पंपाला जोडलं. पाच पौंड. केबिनचा काटा हलला नाही. दहा. तरी नाही. त्यानंतर तो हळूच उठला. इकडे अठ्ठावीस झाले, तेव्हा तो तांबड्या खुणेला टेकला.

"काटा उपटून मागे बसवलाय. शून्यावरची खीळ त्याला अडवून धरते, म्हणून गाडी उभी असताना काही कळत नाही. दहा पौंड गिळल्याशिवाय तो जागा होत नाही. नळीला भोक कुणीही पाडेल. पण एवढासा काटा ओरखडा न पडता काढून बसवायला घड्याळवाल्याचा हात लागतो." त्यांनी खिळ्यावरच्या भिंगाकडे पाहिलं. "काका, ट्रक घेण्याआधी काय करायचात?"



"काका घड्याळं दुरुस्त करायचे," वहिनी हळूच म्हणाली. "आमच्या लग्नातलं पण त्यांनीच..."

"तो ऐकत नव्हता," काका म्हणाले. "नुसतं भोक पाडलं असतं, तर काटा लवकर तांबड्यावर गेला असता आणि त्याने पाय उचलला असता. त्याने माझं नाही, काट्याचं ऐकलं असतं. म्हणून..." त्यांनी भिंतीकडे पाहिलं. "थोडं बळ वाढेल म्हटलं. थोडंच. लोक हसायचे थांबतील."

"आणि भिंतीवरचे काटे?"

"ते रोज चार-दहावर यायचे, साहेब. मी रोज पाहायचो."

काटे नसलेलं घड्याळ टिकटिकत होतं. टाचणीसाहेबांनी मनगटाकडे पाहिलं. चार वाजून दहा मिनिटं. आणि काकांनी एकदम दोन्ही कान झाकले.

बाहेर चढ रिकामा होता. रस्त्यावर एकही गाडी नव्हती.

"शिटी येते ना?" वहिनीने विचारलं. "बारीक?"

काकांनी डोळे मिटून मान हलवली.

ती खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. थोडा वेळ ऐकत राहिली.

"मला जाड येते," ती म्हणाली. "आधीची."