मावशींचा आवाज कुणाचा?

शनिवारी दुपारी ऑफिस रिकामं झाल्यावर साहेबांनी चावीवालीला बोलावलं. काम तसं साधंच होतं. महिन्यापूर्वी वारलेल्या मावशींचं खातं बंद करायचं आणि त्यांची सगळी रेकॉर्डिंग साहेबांच्या नावावर करायची.

चावीवाली म्हणजे ऑफिसातले कॉम्प्युटर सांभाळणारी. सगळे पासवर्ड तिच्याकडे, म्हणून हे नाव. आणि मावशी म्हणजे, ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी जन्मभर याच ऑफिसात पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारी बाई. काय तो आवाज! कुणी आपलंच माणूस उशाशी बसून वाचतंय, असं वाटायचं.

"पण साहेब, मावशींनी ती रेकॉर्डिंग लेकीला दिलीयत. परवाच फोन आला होता तिचा. बाळाला आजीचा आवाज ऐकवायचाय म्हणाली."

"तिला म्हणावं, अर्ज कर." साहेब हसले. "तो आवाज मी विकतोय. उद्यापासून लिफ्टसुद्धा मावशींच्या आवाजात बोलेल. मेलेल्या माणसाची कसली आलीय मालकी? आणि तुला नोकरी हवीय ना?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारी माणसं असतात हे तिनं ऐकलं होतं, आज त्यातलं एक खुर्चीत बसलेलं पाहिलं. घसा झिजवला मावशींनी, आणि आयत्या बिळावर हा नागोबा! एरवी तिची जीभ कुणाला ऐकायची नाही. पण घरात मिळवती ती एकटीच. हात दगडाखाली सापडलेला. ती मुकाट्यानं सर्व्हरच्या खोलीत गेली.

त्या खोलीला खिडकी नाही. बाहेर ऊन असलं तरी आत बारमाही गारठा, आणि पंख्यांची घरघर. मालक बदलायचा हुकूम एका ओळीचा असतो, त्याला कॉम्प्युटरवाली मंडळी 'सी-एच-ओन' म्हणतात. पुढे नव्या मालकाचं नाव, मग फोल्डरचं. काम झालं तर यंत्र काहीच बोलत नाही. त्याचं गप्प राहणं हाच होकार.

तिनं हुकूम दिला. यंत्र गप्प राहिलं.

खात्री करायला तिनं यादी काढली. प्रत्येक ओळीत मालक : मावशी.

"अगंबाई... चुकलं वाटतं." तिनं पुन्हा लिहिलं, अक्षर न् अक्षर तपासून. यंत्र पुन्हा गप्प. यादीत पुन्हा मावशीच. आणि खोलीत ज्येष्ठमधाचा वास यायला लागला... रेकॉर्डिंगआधी मावशी चघळायच्या, तो.

टेबलावर हेडफोन पडले होते. त्यांची वायर कशालाच जोडलेली नव्हती. त्यातून कुणीतरी घसा साफ केला.

"हं... घेऊ या?"

वाचायला बसताना मावशी हेच म्हणायच्या. चावीवालीनं कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

तेवढ्यात दार धाडकन उघडून साहेब आत आले. "एवढ्याशा कामाला एवढा वेळ?"

"साहेब, नको... मावशी नाही म्हणतायत."

"डोकं फिरलंय का तुझं? सरक!" त्यांनी तिला बाजूला ढकललं, एका बोटानं स्वतःच हुकूम लिहिला आणि बटण दाबलं.

यंत्र गप्प राहिलं. साहेब ऐटीत तिच्याकडे वळले, बोलायला तोंड उघडलं, आणि तोंडातून काहीच आलं नाही. ओठ हलत होते, मानेच्या शिरा फुगत होत्या, आवाज नव्हता. त्यांनी दोन्ही हातांनी गळा चाचपला.

आवाज हेडफोनमधून येत होता. "झालं बघ! झालं... अगं, ऐकू येतंय ना? अगं..."

चावीवालीनं यादी काढली. मावशींच्या रेकॉर्डिंगखाली एक नवी फाइल आली होती. नाव : साहेब. मालक : मावशी. फाइलचा आकार वाढत चालला होता.

भीती होतीच, पण संताप भीतीहून मोठा होता. तिनं मावशींच्या लेकीचं खातं उघडलं आणि सगळी रेकॉर्डिंग तिच्या नावावर करायचा हुकूम दिला. यंत्र गप्प. या वेळी यादी बदलली. ओळीमागून ओळ लेकीची झाली. एक तेवढी सोडून.

साहेब त्या ओळीवर बोट आपटत होते. मग त्यांनी चक्क हात जोडले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि हेडफोनमध्ये बारीक रडणं चाललं होतं.

ती सावकाश खुर्चीला टेकली. आज इतका वेळ गिळलेलं सगळं जिभेवर आलं होतं. 'साहेब, अर्ज करा!' असं ठणकावून सांगायचं होतं तिला.

तेवढ्यात यादी आपसूक एक ओळ खाली सरकली. नाव : चावीवाली. मालक : मावशी. आकार : शून्य.

पहिले दोन हुकूम तिच्याच बोटांनी दिले होते.

"हं..." हेडफोनमधून मावशी मायेनं म्हणाल्या, "घेऊ या?"

तिनं उघडलेलं तोंड घट्ट मिटून घेतलं.