खिंड मी एकटी ओलांडणार

आधी मला त्याचे कांदे दिसले. तो नंतर.

बसस्टँडच्या उतारावरून चार-पाच कांदे आणि पाण्याची एक बाटली घरंगळत थेट माझ्या पायाशी आली. मागोमाग धापा टाकत तो आला. उन्हाने लालबुंद झालेला, एका खांद्यावर लोंबकळणारी सॅक, आणि चेहरा मात्र ‘काही झालंच नाही’ असा.

“पट्टा तुटला हो,” तो म्हणाला.

मी सॅक हातात घेऊन उलटीपालटी केली. आमच्या मामाचा बॅगांचा कारखाना. दप्तरं आणि सॅक शिवतच मी मोठी झाले, त्यामुळे पट्ट्यांच्या बाबतीत मला कुणी बनवू शकत नाही.

“तुटलेला नाही. कापलाय. कात्रीने.”

“मीच कापला,” तो हळूच म्हणाला. “वजन... कमी करायला.”

पट्ट्यांची लोंबणारी टोकं उगाच भार वाढवतात, म्हणून या गृहस्थाने निघण्याआधी घरी बसून सगळी टोकं छाटून टाकली होती. टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा! घरी पट्टे नेमके बसले. पण या भाजून काढणाऱ्या डोंगरांत पाण्याच्या जादा बाटल्या कोंबल्यावर सॅक फुगली, पट्टे आखूड पडले आणि बकलातून निसटले.

“करता काय तुम्ही?”

“सोनार आहे. वडिलांच्या पेढीवर बसतो.”

मी इतकी हसले की शेजारचे प्रवासी वळून बघायला लागले. सोन्याच्या काट्यावर मोजे तोलून आला असणार! त्याच क्षणी त्याचं नाव पडलं – ग्रॅमशेठ.

पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसून मी त्याच्या पट्ट्यांना जोड दिले. तो समोर बसून माझ्या सुईकडे बघत होता. निदान मी तरी तशी समजूत करून घेतली. मान वर केली, तेव्हा तो सुईकडे बघत नव्हता.

“मजुरी काय द्यायची?”

“कांदे ठेवून घेते.”

पुढच्या गावात तो पुन्हा भेटला, त्याच्या पुढच्याही. यात योगायोग वगैरे काही नव्हता. खिसा हलका असलेले प्रवासी एकाच ट्रकमध्ये चढतात आणि एकाच स्वस्त लॉजवर उतरतात. कोबीच्या पोत्यांवर बसून आम्ही घाट चढलो. गरम वारा तोंडावर थपडा मारायचा, तेव्हा तो ओला टॉवेल दोघांच्या डोक्यावर धरायचा. त्या टॉवेलखाली बोलायला जागा फार नसायची... आणि माझी त्याबद्दल तक्रार नव्हती. ‘तुम्ही’चं ‘तू’ कुठल्या वळणावर झालं, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही.

“तू झोपेत बडबडतेस,” तो एकदा म्हणाला.

“खोटं.”

“डॉर्मिटरीतल्या सगळ्यांनी ऐकलं. ‘शिलाई दुहेरी मारा’ म्हणत होतीस.”

“मग बरोबरच म्हणत होते.”

पण मी या डोंगरांत आले होते ते एका खिंडीसाठी. त्या खिंडीतून गाडी जात नाही. बसला डोंगराला वळसा घालून पलीकडच्या गावी पोचायला दोन-तीन तास लागतात, आणि खिंडीतून चालणाऱ्याला अख्खा दिवस. ती खिंड मला एकटीने ओलांडायची होती. लहानपणापासून मला कुणीतरी सोडायला आणि कुणीतरी आणायला. शाळेत दादा, कारखान्यात मामाची स्कूटर. निघताना दादा म्हणालाच होता, “एकटी जातेस? बघ, कुणीतरी सोबती गाठशीलच!” त्याने चेष्टा केली होती, पण ती मला झोंबली होती.

खिंडीच्या पायथ्याच्या लॉजवर, गच्चीत कपडे वाळत घालताना, ग्रॅमशेठने विषय काढला.

“उद्या मी येतो. पाणी मी उचलतो. तू फक्त चाल.”

“नको.”

“अगं, ऊन बघ केवढं आहे!”

“मावशींकडून सगळं विचारून घेतलंय.” मावशी म्हणजे लॉजच्या मालकीणबाई. “ऊन चढायच्या आत वर पोचायचं, भर दुपारी कपारीत थांबायचं, ऊन कललं की खाली. झऱ्यापाशी मेंढपाळ असतात.”

“तरी...” तो माझा ओला सदरा पिळायचा थांबला. “तू मला आवडतेस. खूप. म्हणून म्हणतोय.”

“तूही मला आवडतोस,” मी सरळ सांगून टाकलं. “म्हणूनच नको म्हणतेय. तू बरोबर आलास तर मी आले, की मला आणलं, हे मला कधीच कळणार नाही. आणि मग त्याचा राग मी तुझ्यावर काढत राहीन.”

त्याने सदरा दोरीवर टाकला, चिमटा लावला आणि तो जिना उतरून गेला.

पहाटे निघताना पाहिलं, तर त्याची खाट रिकामी. पहिल्या बसने गेला, असं मावशींनी सांगितलं. जा म्हणाले नव्हते मी! येऊ नको म्हणाले होते. दोन्हीत काही फरक असतो की नाही? सॅक पाठीवर टाकली, पट्टे करकचून आवळले आणि चालू लागले. रागाचा एक फायदा असतो, चढ लवकर संपतो.

खिंडीच्या थोडं खाली मात्र वाट फुटली. दोन्ही वाटा सारख्याच मळलेल्या. उजवीकडची धरली, आणि ती एका कड्यापाशी जाऊन संपली. खाली नुसता तापलेला दगड. पाणी निम्म्यावर आलेलं, जीभ टाळ्याला चिकटलेली. तेव्हा, खरं सांगते, तो हवा होता. अगदी हवा होता. वाट शोधायला नव्हे, नुसता शेजारी असायला. मी सावलीच्या एका पट्टीत अंग चोरून बसले, दोन घोट घेतले, छातीतली धडधड थांबू दिली. मग उठले, मागे फाट्यापर्यंत गेले आणि वाकून जमीन पाहिली. डाव्या वाटेवर मेंढ्यांच्या ताज्या लेंड्या होत्या. मेंढ्या पाण्याकडेच जाणार!

झरा लागला. मग खिंड लागली. वर कुणीही नव्हतं, नुसता वारा. मी मनसोक्त ओरडले, आणि समोरच्या डोंगराने ते मला परत ऐकवलं. आनंदाने रडू येतं ते मला तिथे कळलं.

ऊन कललं तशी उतरले. पायथ्याशी नदी, नदीवर दगडी पूल, आणि पुलाच्या पलीकडच्या कठड्यावर... तो!

मी हात हलवला. त्यानेही हलवला, आणि जागचा हलला नाही.

“असा काय बसलायस? पाणी तरी आण!” मी अलीकडून ओरडले.

तो उठला, बाटली घेऊन पुलाच्या टोकाशी आला आणि तिथेच थांबला.

“मावशी म्हणाल्या, खिंडीची वाट हा पूल संपला की संपते! त्याआधी एक पाऊल पुढे टाकलं, तर तू मला आयुष्यभर सुनावशील!”

“आयुष्यभर?”

“म्हणजे... तुझी हरकत नसेल तर!”

मी पूल सावकाश ओलांडला. घाई करावीशी वाटतच नव्हती. प्रत्येक दगड माझा होता.

“पहाटे सांगून का नाही गेलास?”

“सांगायला थांबलो असतो, तर तुझ्या मागे लागलो असतो.” त्याचा आवाज जरासा कापला. “दिवसभर या कठड्यावर जीव मुठीत धरून बसलोय. कुठल्याही चढापेक्षा अवघड होतं हे.”

शेवटचा दगड मागे पडला. मी त्याच्यासमोर उभी राहिले, धुळीने माखलेली, ओठ फुटलेले, आणि जन्मात कधी नव्हते एवढी खूश.

“उद्या कुठे जायचं?” त्याने विचारलं.

“कुठेही. दोघं जाऊ.”

त्याने हात पुढे केला. आधाराची मला मुळीच गरज नव्हती. मी तो घट्ट धरला.