हवेतल्या चाकाचा हट्ट

आमची पिकअप ओघळीच्या काठावर तिरकी अडकली होती. तिची तीन चाकं जमिनीवर होती आणि मागचं डावं चाक हवेत. मोटर चालू होती, बॅटरी भरलेली होती आणि वृंदाआत्याचा पाय पॅडलवर होता. तरी गाडी जागची हलत नव्हती. गंमत म्हणजे ज्या चाकाला जमीन मिळाली होती ते ढिम्म बसलं होतं, आणि ज्याला काहीच काम नव्हतं ते हवेत गरागरा फिरत होतं.

"आमच्या वर्गातही असंच असतं," माझा धाकटा भाऊ निषाद म्हणाला. "काम नसणाऱ्यांचीच धावपळ जास्त."

एरवी मी हसले असते. पण पावणेपाच वाजले होते, आणि पाच वाजून एकेचाळीस मिनिटांनी कंदील डोक्यावरून जाणार होता.

कंदील म्हणजे आमच्या शाळेचा उपग्रह. जेवणाच्या डब्याएवढाच आहे. आम्ही सातवीच्या अकरा जणांनी तो दोन वर्षं खपून बनवला. नऊ दिवसांपूर्वी एका मोठ्या रॉकेटच्या कोपऱ्यात बसून तो वर गेला, आणि तेव्हापासून झोपलेला आहे. त्याला जागं करायला जमिनीवरून एक आज्ञा पाठवावी लागते. आज्ञा मिळाली की तो आपली मिटलेली अँटेना उघडतो. दहा दिवसांत आज्ञा मिळाली नाही, तर नियमाप्रमाणे त्याचा रेडिओ कायमचा बंद होतो, म्हणजे आकाशात उगाच कचऱ्याचा गोंगाट नको.

आमची शाळा कोयनेच्या खोऱ्यात आहे. दोन्ही बाजूंना डोंगर असल्यामुळे आकाशाची एक पट्टीच दिसते. कंदील त्या पट्टीतून दीड मिनिटात निघून जायचा, आणि अँटेना मिटलेली असल्यामुळे त्याला ऐकूही कमी यायचं. आठ दिवस आम्ही हाका मारल्या. आज नववा दिवस होता, आणि चांगली उंचावरून जाणारी ही शेवटची फेरी. म्हणून मोकळं आकाश गाठायला आम्ही सड्यावर निघालो होतो. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं सपाट कातळाचं पठार. आज्ञा पाठवायचं काम वर्गाने माझ्यावर, ईश्वरीवर, सोपवलं होतं. मी "झालंच समजा" असं सगळ्यांना सांगूनही आले होते.

गाडी आत्याची. आत्या पुण्याच्या एका प्रयोगशाळेत धातूंवर संशोधन करते आणि सुट्टीच्या दिवशी या पिकअपवर. मुळात ती भाजी वाहणारी जुनी डिझेल गाडी होती. आत्याने तिचं इंजिन काढून एक मोटर बसवली. मागच्या हौद्यात खेचून काढायचं स्वयंपाकघर केलं, छपरावर उघडणारा तंबू लावला, ऐंशी लिटरची पाण्याची टाकी ठेवली आणि आता कंदीलसाठी फिरती अँटेनाही पक्की केली. सगळं घरच्या घरी, स्वतःच्या हाताने. गाडीत एक रोबोटही आहे. तो जुन्या वॉशिंग मशीनच्या भागांतून बनलेला आहे आणि सतत सल्ले देतो, म्हणून त्याचं नाव भाऊसाहेब.

"मॅडम, जोर वाढवा," भाऊसाहेब म्हणाला.

आत्याने जोर वाढवला. हवेतलं चाक आणखी वेगाने फिरलं. बाकी काही झालं नाही.

निषादने आणि मी चाकाखाली दगड टाकून पाहिले. ओघळ माझ्या कमरेइतकी खोल आणि उतरती होती. दगड टाकला की तो गडगडत खाली जायचा. चालत जावं म्हटलं, तर अँटेना छपराला बोल्टने घट्ट बसवलेली आणि ती चालणार गाडीच्याच बॅटरीवर.

आत्या खाली उतरली. तिने आधी पुढच्या चाकांना मोठे दगड लावले आणि मगच वाकून पाहिलं.

"चूक माझीच आहे," ती सरळ म्हणाली. "पाटे पाहिलेस?"

पाटे म्हणजे चाक आणि गाडी यांच्यामध्ये धक्के झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्या. टाकी, तंबू आणि स्वयंपाकघर यांचं वजन पेलावं म्हणून आत्याने दोन्ही बाजूंना दोन-दोन पाटे जास्तीचे घातले होते.

"गाडी मजबूत केली, पण ताठर झाली," आत्या म्हणाली. "पाटे लवचीक असते तर खड्डा आल्यावर डावं चाक खाली उतरून जमिनीला टेकलं असतं. आता ते वरच्या वर लोंबकळतंय."

"पण उजवं चाक टेकलंय ना?" मी विचारलं. "ते का ढकलत नाही? मोटर तर मागच्या दोघांना मिळून एकच आहे."

आत्याने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. घाईच्या वेळीही प्रश्न अर्धा सोडायचा नाही, ही तिची सवय आहे. आईला ती आवडत नाही, मला फार आवडते.

"प्रभातफेरीत तुम्ही चौघी-चौघींच्या रांगेने चालता. चौकात वळताना काय होतं?"

"आतली जागच्या जागी पाय आपटते आणि बाहेरची धावते. नाहीतर रांग मोडते."

"बरोबर. गाडीचंही तसंच. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा रस्ता आणि आतल्याला जवळचा. दोन्ही चाकं एकाच दांड्याला घट्ट जोडली, तर वळणावर एक चाक फरफटत जाईल. म्हणून दोघांच्या मध्ये डिफरन्शियल (फेऱ्यांची वाटणी करणारी गिअरची पेटी) असतं. एका चाकाला जास्त फिरू दे, दुसऱ्याला कमी, असं ते सांभाळून घेतं. पण त्याचा एक नियम आहे. फेरे कमीजास्त चालतील, जोर मात्र दोघांना सारखाच."

"मग सारखा जोर मिळून उजवं का फिरत नाही?"

"हवेतलं चाक फिरवायला किती जोर लागतो?"

मी जरा विचार केला. "जवळजवळ काहीच नाही. बोटानेही फिरेल."

"म्हणजे ते घेतंय काहीच नाही. आणि नियम काय?"

"दोघांना सारखं," मी म्हणाले, आणि मला एकदम आमचं घर आठवलं.

आईचाही हाच नियम आहे. निषादला खरवस आवडत नाही. तो "मला नको" म्हणतो, आणि आई म्हणते, "मग ईश्वरीलाही नको, वाटणी सारखीच." एक वर्ष झालं, मी घरात खरवस खाल्लेला नाही. आता उजवं चाक म्हणजे मी होते आणि डावं चाक म्हणजे निषाद. तो नको म्हणत मजेत फिरत होता आणि मी उपाशी बसले होते.

हे मी बोलून दाखवलं, तर आत्या म्हणाली, "अगदी हेच. मोठ्या गाड्यांत यावर कुलूप असतं. ते लावलं की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. आपल्या यादीत ते पाचव्या नंबरवर होतं. आधी मी डोशाचा तवा बसवला."

पाच वाजत आले होते. वर्गातल्या दहा जणांचे चेहरे माझ्यासमोर आले. "झालंच समजा" म्हणाले नसते तर बरं झालं असतं.

"उपाय," भाऊसाहेब म्हणाला. "हवेतल्या चाकाला अडवा. त्याला फिरायला कष्ट पडले की ते जोर घेईल. मग नियमाप्रमाणे उजव्यालाही तेवढाच मिळेल. हँडब्रेक ओढा."

हे पटण्यासारखं होतं. आत्याने पॅडल दाबलं आणि मी दोन सीटांमधला हँडब्रेकचा दांडा वर खेचला. हवेतलं चाक कुरकुरत मंदावलं. गाडी थरथरली. पण पुढे सरकली नाही.

"गणितात चूक नाही," भाऊसाहेब म्हणाला.

"गणित अर्धंच आहे," आत्या म्हणाली. "हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना लागतो. उजव्याला जेवढा जोर मिळाला, तेवढाच त्याच्या ब्रेकने खाल्ला. निषादला बळेच खरवस वाढला, ईश्वरीलाही वाढला, आणि लगेच तिच्या ताटातून उचलून घेतला."

म्हणजे ब्रेक फक्त एका चाकाला हवा होता. फक्त डाव्याला. एका बाजूचा ब्रेक. हे मी कुठेतरी पाहिलं होतं, अगदी रोज पाहिलं होतं, आणि आठवत नव्हतं.

"बाबांचा ट्रॅक्टर," मी म्हणाले.

ट्रॅक्टरला ब्रेकची पॅडलं दोन असतात. रस्त्यावर बाबा ती खिटीने एकत्र जोडतात, आणि शेतात गेल्यावर खिटी काढतात. नांगरताना बांध आला की नुसतं डावं पॅडल दाबतात. डावं चाक थांबतं, उजवं फिरतं आणि एवढा मोठा ट्रॅक्टर जागेवर गर्रकन वळतो. लहानपणी मला वाटायचं, एक पॅडल बाबांचं आणि एक माझं.

"आत्या, हँडब्रेकची तार मागे जाते ती एक की दोन?"

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मग दांड्याखालचा खण उपसला. त्यात लोणच्याची बरणी, नट-बोल्टचे पाने आणि तीन टॉर्च होते. खणाचा तळ काढल्यावर दांड्याला जोडलेली छोटी पट्टी दिसली, आणि त्या पट्टीतून निघालेल्या दोन तारा. एक डाव्या चाकाकडे जात होती, एक उजव्या.

"हा खण मोठा करायला मी हा दांडाच काढून टाकणार होते," आत्या म्हणाली. "तू त्याला दप्तर अडकवतेस म्हणून राहिला."

तिने पान्याने उजवी तार सोडवली आणि डावीचं टोक सरळ दांड्याला जोडलं. आता दांडा ओढला की ब्रेक फक्त हवेतल्या चाकाला लागणार होता. निषादला तिने लांब, वरच्या अंगाला उभं केलं. पुढच्या चाकांचे दगड काढले आणि ती सीटवर बसली.

"मी मोटरचा वेग एकसारखा ठेवते. तू हळूहळू ओढ. भाऊसाहेब, तुम्ही फेरे मोजा. सल्ला नको."

"डावं ऐंशी, उजवं शून्य," भाऊसाहेब म्हणाला. तो मिनिटाचे फेरे सांगत होता.

मी दांडा ओढला. तो जड होता. दोन्ही हातांनी ओढला.

"डावं ऐंशी, उजवं शून्य. डावं ऐंशी." थोडं थांबून तो म्हणाला, "डावं सत्तर, उजवं दहा."

गाडी कण्हली आणि चार बोटं पुढे सरकली.

"डावं साठ, उजवं वीस."

मला तेव्हाही कळलं की बेरीज ऐंशीच राहते आहे. डाव्याने जेवढे फेरे सोडले, तेवढे उजव्याला मिळत होते. माझे हात भरून आले होते, पण दांडा मी सोडला नाही. उजव्या चाकाने कातळ पकडला, गाडी काठावरून वर चढली, आणि डावं चाक धप्पकन जमिनीला टेकलं.

"सोड आता," आत्या म्हणाली. तिला ते दोनदा सांगावं लागलं.

सड्यावर पोचलो तेव्हा पाच वाजून सदतीस मिनिटं झाली होती. चहूकडे डोंगर आमच्या खाली होते आणि वर नुसतं आकाश. आत्याने चाकांना दगड लावले, अँटेना फिरून दक्षिणेकडे वळली, आणि मी आज्ञा पाठवायला सुरुवात केली. दर दहा सेकंदांनी एक. पहिलं मिनिट गेलं, दुसरं गेलं. निषाद माझ्या खांद्याला खेटून उभा होता. तिसऱ्या मिनिटाला कंदील बरोबर डोक्यावर होता. चौथ्या मिनिटाला पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटला.

"ऐकू आलं, असं तो म्हणतोय," भाऊसाहेब म्हणाला. "अँटेना उघडतो आहे."

मी रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आत्याही दुसरीकडे बघत होती.

मग आईने दिलेला डबा उघडला. त्यात खरवस होता. मी काही म्हणायच्या आत निषादने एक तुकडा उचलून तोंडात टाकला, डोळे मिटून गिळला, आणि डबा माझ्याकडे सरकवला.

"घे," तो म्हणाला. "मी जोर लावलाय."

आत्याने वही काढून नवी यादी केली. एकेक पाटा कमी करायचा. हँडब्रेकला दोन दांडे, डाव्या चाकाचा वेगळा आणि उजव्याचा वेगळा. भाऊसाहेबाने सांगितलं की चंद्रावर धावणाऱ्या गाड्यांत प्रत्येक चाकाला स्वतःची मोटर असते, तिथे डिफरन्शियल लागतच नाही.

"मग कुठल्या चाकाला किती जोर द्यायचा, हे ठरवतं कोण?" मी विचारलं.

"ते माणसाला प्रोग्रॅममध्ये लिहून द्यावं लागतं," भाऊसाहेब म्हणाला. "चांगलं लिहिणारे कमी आहेत."

"मी लिहीन," मी म्हणाले. या वेळी "झालंच समजा" म्हणाले नाही, पण मनात तेच होतं.

सात वाजून सोळा मिनिटांनी कंदील पृथ्वीला एक फेरी मारून परत आला. या वेळी तो पश्चिमेला, क्षितिजाच्या जरा वर होता. खोऱ्यातून तो दिसलाच नसता. त्याची अँटेना उघडली होती. जागं झाल्यावर त्याने पहिलं वाक्य काय बोलायचं, हे आम्ही अकरा जणांनी मागच्या वर्षी भांडून भांडून ठरवलं होतं. ते वाक्य पडद्यावर एकेक अक्षर करत आलं.

"मी इथे आहे. तुम्ही आहात का?"

माझ्या बोटांना ब्रेकच्या तारेचं ग्रीस लागलं होतं. तशाच बोटांनी मी लिहिलं, "आहोत."